दोन लिटरला एकोणपन्नास मिली

सृष्टी प्रमाणावर चालते. ग्रहांमधली अंतरं, औषधांचे डोस, सिमेंटमधली वाळू, नवरा-बायकोच्या संभाषणातलं मौन, सगळ्याला एक ठरलेलं प्रमाण असतं आणि ते ज्याला सापडलं त्याचं आयुष्य सुरळीत जातं. हे मी कॉलेजात शिकलो आणि पुढे सरकारी सांख्यिकी खात्यात सत्तावीस वर्षं याच श्रद्धेवर पगार घेतला. तेव्हा दोन लिटर पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हे मला ठरवता येणार नाही, असं मानायला काही कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मला मागाहून कळलं.

आमच्या घरापुढे थोडी मोकळी जागा आहे आणि तिच्या टोकाला फाटक. फाटकाला लोखंडी कडी. निवृत्त झाल्यापासून बाबा रोज पायरीवर बसून त्या फाटकाकडे बघत. कडी कशी वाजली यावरून कोण आलं ते त्यांना कळे आणि मग ते मान वर करून स्वतःचं उत्तर तपासत. एवढीच त्यांची करमणूक. चार महिन्यांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली, वाचा गेली, आणि नाकातल्या नळीतून जेवण सुरू झालं. पुढच्या खोलीत खिडकीशी भाड्याचा लोखंडी पलंग आला. चार महिन्यांत पुढच्या जागेत गवत माजलं, कारण ते कापणारा माणूस पलंगावर होता. कमरेएवढं झालं, मग खिडकीच्या चौकटीच्या वर गेलं. आता कडी वाजली की बाबा मान वळवत, आणि त्यांना गवत दिसे.

डॉक्टर शेवटचे आले तेव्हा बूट घालता घालता म्हणाले, "आता त्यांना जे हवं असेल ते करा."

"किती दिवस आहेत?"

"दिवसच म्हणायचे," डॉक्टर म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले.

मी आत जाऊन विचारलं, "बाबा, काय हवंय?" त्यांनी उजवा हात उचलून खिडकी दाखवली. "फाटक दिसायला हवंय?" त्यांनी मान हलवली. होकाराची मान त्यांना अजून नीट हलवता येत होती, नकाराचीही.

"मी कापतो गवत," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बारा वर्षांचा असताना सायकलचं पंक्चर मीच काढतो म्हणालो होतो, तेव्हाही त्यांनी असंच पाहिलं होतं. तेव्हा निदान ते बोलू शकत होते. "राहू दे, तू आत बस," असं ते म्हणाले होते. पुढची चाळीस वर्षं हातोडी, पाना, कुदळ, पाण्याची मोटर, जे जे मी हातात घ्यायला गेलो त्या प्रत्येकाच्या वेळी हेच वाक्य आलं, आणि खोटं कशाला बोलू, मी दरवेळी आनंदाने आत बसलो. आता बसायला आत जागा नव्हती. आत बाबा होते.

बायको म्हणाली, "अहो, माणूस बोलवा ना एखादा. विळा घेऊन येतात, दुपारपर्यंत मोकळं."

"घरात यंत्र असताना?"

"यंत्र घरात आहे हो. यंत्र चालवणारा झोपलाय."

हे खरं होतं, म्हणून मी ठाम राहिलो.

यंत्र मागच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं, जुन्या चादरीच्या शिवलेल्या खोळीत. नारिंगी रंगाचं. एक लांब दांडा, एका टोकाला गवत कापणारी तार, दुसऱ्या टोकाला छोट्या कुकरएवढं इंजिन. मला ते लहानपणापासून ओळखीचं होतं: दोरी ओढायची, निळा धूर सोडायचा, बाबांनी आईला ओरडून सांगायचं की कपडे आत घे. टू-स्ट्रोक इंजिन. त्याला वेगळं ऑइल घालायची सोय नसते, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं. जास्त झालं तर धूर आणि काजळी, कमी झालं तर आतला पिस्टन तापून जागच्या जागी चिकटतो आणि यंत्राचा शेवट. तेव्हा सगळं प्रमाणावर होतं, आणि प्रमाण बाबांच्या डोक्यात होतं.

यंत्राला दोन झाकणं होती. एक मोठं, पेट्रोलच्या टाकीचं. दुसरं बाजूला, छोटं, काळं. त्याचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी ते ओल्या फडक्याने पुसलं.

मग मी बाबांपुढे बसून पद्धतशीर चौकशी केली. "बाबा, मिक्स कितीचं? पंचवीसला एक?" नाही. "चाळीसला एक?" नाही. "पन्नास?" नाही. मी वीसपासून साठपर्यंत सगळे आकडे एकेक करून म्हटले. बाबा प्रत्येकाला नाही म्हणाले. शेवटी त्यांनी डोळे मिटले. बाहेर येऊन मी बायकोला सांगितलं की आजाराने बाबांचे आकडे नेले आहेत. आम्हाला दोघांनाही वाईट वाटलं.

उरले शेजारी.

शेजारच्या निवृत्त इंजिनिअरना आमच्या कॉलनीत सगळे दशांश म्हणतात. त्यांना वेळ विचारली तरी ते सेकंदांसकट सांगतात. ते कुंपणापलीकडूनच म्हणाले, "पन्नासास एक. लोक त्याला दोन टक्के म्हणतात, ते चूक आहे. एकूण मिश्रणात ऑइल एक पूर्णांक शहाण्णव शतांश टक्के येतं. तुझ्यासारख्या आकडेवारीतल्या माणसाला हे मी सांगावं?"

"नाही, म्हणजे बरोबर आहे."

"तुझ्या वडिलांना मी वीस वर्षं सांगतोय. ऐकायचे नाहीत."

हे ऐकून मला पन्नासाबद्दल थोडी शंका आली. मी मिस्त्रींना फोन केला. त्यांचं गॅरेज बाजाराच्या टोकाला आहे आणि ते बोलताना मागे कायम काहीतरी आपटत असतं.

"मिस्त्री, बाबांच्या गवताच्या टू-स्ट्रोक मशीनला मिक्स किती?"

"पंचवीस. डोळे झाकून."

"पण शेजारी पन्नास म्हणतात."

"मग शेजाऱ्यांना दोरी ओढायला सांगा," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. माझा हा मेहुणा पंखे विकतो, पण त्याचं मत मात्र सर्व क्षेत्रांत चालतं. "पंचवीस? भाऊजी, पंचवीस आपल्या आजोबांच्या काळात. तेव्हा ऑइल म्हणजे काळं पाणी. आता सगळं जग चाळीसवर आलंय. चाळीस घाला, माझं नाव सांगा."

"कुणाला सांगू?"

"म्हणजे काही झालं तर."

काही झालं तर त्याचं नाव सांगून पिस्टन सुटेल, अशी त्याची एकंदर समजूत दिसली.

आता इथे एखाद्या सामान्य माणसाने एकाचं ऐकलं असतं. पण मी सत्तावीस वर्षं ज्या खात्यात आहे तिथे एकाचं ऐकणं हा गुन्हा आहे. तिथे सगळ्यांचं ऐकून सरासरी काढतात. त्यातही साधी सरासरी शिकाऊ लोक काढतात. आम्ही भारित काढतो, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन देतो. वजन कसं द्यायचं? मी बराच विचार केला आणि ठरवलं की ज्याचं ऐकलं नाही तर जो जास्त दुखावेल, त्याला जास्त वजन. मेहुण्याला तीन, कारण त्याच्या दुखावण्याचे परिणाम स्वयंपाकघरापर्यंत जातात. दशांशांना दोन, कारण कुंपण एकच आहे. मिस्त्रींना एक. ते दुखावत नाहीत, आणि दुखावले तरी लांब राहतात. अशा रीतीने तिघांपैकी ज्याने इंजिन उघडून पाहिलेलं होतं त्याच्या मताला सहावा हिस्सा मिळाला. उत्तर आलं: चाळीस पूर्णांक त्र्याऐंशी शतांशास एक. दोन लिटरला एकोणपन्नास मिली. मी ते कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. इतका सुंदर आकडा मी खात्यातही काढला नव्हता.

ऑइल नवं आणलं. पेट्रोल आणायला प्लॅस्टिकचा कॅन घेऊन पंपावर गेलो. माझी स्वतःची स्कूटर बॅटरीवर चालते, पर्यावरणासाठी घेतली होती. पर्यावरणाने माझ्यासाठी काही केल्याचं मला आठवत नाही. पंपावरच्या माणसाने कॅनकडे बघून मान हलवली. "सुटं पेट्रोल देत नाही. नगरपालिकेचं पत्र आणा."

नगरपालिकेत तिसऱ्या खिडकीत एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, समोर स्टँपपॅड.

"कशासाठी हवंय पेट्रोल?"

"गवत कापायला."

"गवत कुणाचं?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. "वडिलांच्या नावावर आहे. जागा. म्हणजे गवतही."

"मग अर्ज त्यांचा. त्यांची सही."

"त्यांना सही करता येत नाही. अंथरुणाला खिळलेत."

"अंगठा चालेल. दोन साक्षीदार. आणि शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, त्यांची इच्छा आहे असं त्यात स्पष्ट हवं. लोक काय, कुणाच्याही नावावर पेट्रोल नेतात." मग त्यांनी माझ्याकडे जरा मायेने पाहिलं. "वडील बरे आहेत ना?"

"नाहीत."

"मग लवकर करा," त्या म्हणाल्या. गवत खिडकीच्या वर गेल्याचं मीच अर्जात कारण म्हणून लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी एक फुटापेक्षा उंच गवत ठेवल्याबद्दलची नोटीसही लगेच हातात ठेवली. पुन्हा माणूस पाठवायला नको.

डॉक्टरांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"नक्की काय लिहू?"

"रुग्ण शुद्धीवर असून त्याला पेट्रोल हवे आहे."

"हे मी लिहू?"

"खिडकीतल्या बाईंनी असंच सांगितलंय."

"पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये," डॉक्टर म्हणाले, पण वाक्य पुरं न करता त्यांनी लिहिलं. खाली 'रुग्णास काडेपेटी देऊ नये' असं स्वतःच्या मनाने जोडलं.

अंगठा घेण्याचा कार्यक्रम गुरुवारी सकाळी झाला. साक्षीदार दशांश आणि मेहुणा. बाबांची देखभाल करणाऱ्या मावशी उशाशी उभ्या. मी बाबांना अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. "सदर यंत्र टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून" इथपर्यंत आल्यावर बाबांनी जोरात मान हलवली, नाही. मी पुन्हा वाचलं. पुन्हा नाही.

"घाबरलेत," मेहुणा म्हणाला. "बाबा, इस्टेटीचा कागद नाहीये हो हा."

बाबांनी मेहुण्याकडे असं पाहिलं की तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक श्वास सोडला, आणि स्वतःच अंगठा पॅडवर टेकवला. मावशींनी ओल्या कापसाने शाई पुसली.

आता, अखेरच्या दिवसांतला म्हातारा, शाईचा अंगठा, दोन साक्षीदार आणि कागद धरून उभा असलेला एकुलता एक मुलगा, हे दृश्य खिडकीतून दशांशांच्या पत्नीला दिसलं. दुपारी परगावाहून माझ्या बहिणीचा फोन आला.

"दादा, बाबांचा अंगठा कशावर घेतलास?"

"पेट्रोलच्या अर्जावर."

"दादा, खोटं तरी नीट बोल रे."

"अगं खरंच. गवत कापायचंय."

"बाबा जायला टेकलेत आणि तू गवत कापतोयस?" ती रडायला लागली. मीही रडलो असतो, पण हातात नोटीस, दाखला आणि अर्ज तिन्ही होती आणि ती ओली करून चाललं नसतं.

पत्र मिळालं. ते, दाखला, अर्जाची प्रत, ओळखपत्र असं सगळं फाइलला लावून मी पंपावर गेलो. पाळी बदललेली होती. नव्या माणसाने माझ्याकडे बघितलंही नाही. कॅनमध्ये दोन लिटर ओतलं आणि पुढच्या गाडीकडे वळला. मी फाइल उघडून त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "साहेब, बाजूला घ्या."

एकोणपन्नास मिली मोजायचे कशाने हा प्रश्न होता. घरात अचूक मापाची एकच वस्तू होती, बाबांना नळीतून पातळ जेवण द्यायची पन्नास मिलीची मोठी सिरिंज. तिच्यावर एकेका मिलीची रेघ होती. मी मागच्या खोलीत जाऊन ऑइल बरोबर एकोणपन्नासच्या रेघेपर्यंत ओढलं, कॅनमध्ये सोडलं, सिरिंज साबणाने तीनदा धुतली आणि ट्रेमध्ये होती तशी ठेवली. अर्ध्या तासाने मावशींची हाक आली.

"दादा, ह्याला गॅरेजचा वास का येतोय?"

सिरिंज त्यांनी नाकापाशी धरली होती. दुसऱ्या हातात बाबांच्या पेजेची वाटी. बायको स्वयंपाकघरातून आली, तिने सिरिंज हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत हळू आवाजात विचारलं, "तुम्ही ह्यांच्या पोटात चाळीस पूर्णांक त्र्याऐंशी घालणार होतात?"

"मी धुतली होती."

"तुम्ही आत बसा," ती म्हणाली. त्या घरात हे वाक्य आता दुसऱ्या तोंडातून आलं होतं. नवी सिरिंज आणायला मी बाहेर गेलो.

रविवारी सकाळी सगळे जमले. दशांशांनी कुंपणाशी खुर्ची टाकली. मेहुण्याने गॉगल आणला होता, तो त्याने स्वतःच लावला. मावशींनी पलंगाची डोक्याची बाजू उंच केली आणि खिडकी सताड उघडली, म्हणजे बाबांना मी दिसेन. मी यंत्राचा पट्टा खांद्यात अडकवला. ते बऱ्यापैकी जड होतं. ऐंशीच्या घरातला माणूस दरवर्षी हे खांद्यावर घेऊन फिरत होता आणि मी आत बसून त्याच्या आवाजाची तक्रार करत होतो, असं उगाचच मनात आलं. पण लोक बघत होते, म्हणून मी दोरी ओढली.

काही झालं नाही. पुन्हा ओढली.

"चोक द्या, भाऊजी!"

"चोक काढ," दशांश म्हणाले. "सहा वेळा ओढलीस. आत पेट्रोल साचलं असेल."

मी चोक दिला, काढला, अर्धा दिला. एकतिसाव्या वेळी माझ्या खांद्यात काहीतरी सरकलं. चौतिसाव्या वेळी यंत्र धडधडत सुरू झालं. पांढराशुभ्र धूर निघाला, इतका की मला माझे बूट दिसेनात, आणि वारा घराकडे असल्यामुळे तो सगळा खिडकीतून बाबांच्या खोलीत गेला. आतून खोकल्याचा आवाज आला. मावशींचा, बायकोचा, आणि एक तिसरा, बारीक.

"रेस वाढवा!" मेहुणा ओरडला. "धूर जाईल!"

मी वाढवली. धूर खरोखरच विरला, आणि मग तार गवताला लागली. काय सांगू. गवत उभंच्या उभं कोसळत होतं. पायांवर हिरवे तुकडे उडत होते. बावन्न वर्षांत माझ्या हातून काहीतरी कापलं जात होतं. मी खिडकीखालून सुरुवात केली आणि फाटकाच्या दिशेने निघालो. आत बाबांनी उजव्या हातात स्टीलचा पेला घेतला होता आणि ते तो पलंगाच्या कठड्यावर आपटत होते. ठण, ठण, ठण.

बायको खिडकीतून ओरडली, "बाबा खूश आहेत हो! टाळी वाजवताहेत!"

मला भरून आलं. मी रेस आणखी वाढवली. यंत्राचा आवाज चढला, त्यात एक खडखड मिसळली, डब्यात खिळे हलवल्यासारखी. पेला आणखी जोरात वाजायला लागला. मी बाबांकडे बघून हात केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत होता, पण माझ्या कानाशी इंजिन असल्यामुळे मला तो आशीर्वादासारखा दिसला. मावशी काहीतरी ओरडून सांगत होत्या. "दादा, थांबा म्हणताहेत ते!" असं होतं ते, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

मग आतून एक कडकड आली आणि यंत्र थांबलं. एकदम. मी दोरी ओढली. ती आलीच नाही. पेला वाजायचा थांबला.

एवढी शांतता आमच्या घरापुढे पूर्वी कधी झाली नव्हती. मी मागे वळून पाहिलं. खिडकीखाली साधारण एका गादीएवढी जागा मोकळी झाली होती. तिच्यापुढे गवत तसंच, फाटकापर्यंत.

दशांश खुर्ची घडी करत म्हणाले, "पन्नास ठेवायला हवं होतं."

"भाऊजी, चाळीसच घातलं होतंत ना?" मेहुणा म्हणाला. "पुढचं पूर्णांक वगैरे मी सांगितलं नव्हतं."

मिस्त्री रविवार असूनही गॅरेजवर होते. मी यंत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते फिरवलं, इंजिनखालची धातूची पट्टी अंगठ्याने पुसली, वाचली, आणि मग त्या छोट्या काळ्या झाकणाकडे गेले. ते उघडलं. आत एक काडी घातली, बाहेर काढली. काडी कोरडी होती.

"हे फोर-स्ट्रोक आहे," मिस्त्री म्हणाले.

मी पट्टी वाचायला वाकलो.

"ह्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालतच नाहीत. ऑइल इथे, वेगळं. तुम्ही इथे काय घातलंत?"

"ते मी पुसलं होतं."

"बाबांनी सीझन संपल्यावर ऑइल काढून ठेवलं असणार. नीटनेटका माणूस. यंदा भरायचं राहिलं." त्यांनी पट्टी पुन्हा वाचली. "सहा वर्षांपूर्वीचं मॉडेल आहे. जुनं निळ्या धुराचं केव्हाच बदललंय त्यांनी."

"पण तुम्ही पंचवीस म्हणालात."

"तुम्ही फोनवर टू-स्ट्रोक म्हणालात?"

"म्हणालो."

"मग मी पंचवीस म्हणालो."

यात चूक काढायला जागा नव्हती. तिघांनीही मी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं दिली होती. फक्त एकच माणूस वीसपासून साठपर्यंत प्रत्येक आकड्याला नाही म्हणत होता, आणि त्याचे आकडे गेले आहेत असं मी ठरवलं होतं. सहा वर्षं त्या माणसाने माझ्यासमोर नवं यंत्र चालवलं. निळा धूर बंद झाला, आवाज बदलला. मी आत बसलो होतो.

"दुरुस्त होईल?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. त्यांचं हे पुसणं मी ओळखतो. डॉक्टरही बूट घालताना असेच दिसले होते.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. बाबांच्या डोळ्यांपुढे जायची हिंमत होत नव्हती, पण घर लहान आहे. मी पलंगाशी बसलो. "बाबा, फोर-स्ट्रोक होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हो.

"मी मोडलं."

हो.

मग त्यांनी उजवा हात उचलला आणि माझ्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला. तो खांद्यावर ठेवायचा होता की मला बाजूला सारून पलीकडे बघायचं होतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही, कारण मी बाजूला झालो आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं. कडी वाजली होती. कुणीतरी आलं होतं. त्यांना गवत दिसलं.

मावशी वाटी विसळून आत आल्या. "दादा, एक विचारू का? ह्यांना नक्की बघायचंय काय? गवत कापलेलं का फाटक?"

"फाटक."

"ते तर तुमच्या खोलीतनं दिसतं की. मी रोज तिथे कपडे वाळत घालते. तिकडं फरशी आहे, गवतच नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आमच्या खोलीत आम्ही झोपत होतो, एवढीच त्या खोलीबद्दल आमची माहिती होती. गेल्या चार महिन्यांत आमच्यापैकी कुणी ती बाबांना द्यायचं बोललं नव्हतं, त्यामुळे कुणा एकाला वाईट म्हणायची सोय नव्हती.

आमचा डबल बेड आम्ही उभा करून भिंतीला लावला. बाबांचा पलंग मावशींनी आणि मी उचलत, टेकवत, धापा टाकत तिकडे नेला. पुढे एकोणीस दिवस बाबा तिथे होते. कडी वाजली की मान वळवत आणि बघत. विसाव्या दिवशी पहाटे ते गेले. बहीण तोपर्यंत येऊन पोचली होती. तिने अर्जाची प्रत मागून घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली.

आठवड्याने भाड्याच्या दुकानाचा माणूस पलंग न्यायला आला. एकटाच होता. मी म्हणालो, थांबा, शेजाऱ्यांना हाक मारतो, जड आहे. तो म्हणाला, कशाला? त्याने पायाने चारही चाकांचे ब्रेक सोडले आणि एका हाताने ढकलत पलंग फाटकाबाहेर नेला.